घरी शिकवणे आणि घरी ठेवणे

मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवले तर चालेल का? पूर्वी हा प्रश्न आपल्याकडे सहसा कुणी विचारत नसे. पण २०२० साली करोनामुळे शाळांना टाळे लागले, घराघरांत वर्ग भरू लागले, आणि काही आईवडिलांच्या मनात हा विचार रुजला. कुणाला दप्तराचे ओझे, क्लास आणि गुणांची शर्यत नकोशी झाली आहे, तर कुणाचे मूल वर्गात कोमेजून जाते. अशा पालकांना वेड्यात काढणे योग्य नाही. म्हणून आज आपण या प्रश्नाचा शांतपणे विचार करू या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. शाळा त्यांच्या मदतीला येते, त्यांची जागा घेत नाही. तेव्हा घरी शिकवणे हे काही पाप नव्हे. मात्र आपल्या देशाच्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. हा हक्क मुलाचा आहे, पालकांच्या हौसेचा नाही, एवढे आपण ध्यानात ठेवू.

घरी शिकून मोठ्या झालेल्यांची नावे नेहमी सांगितली जातात. थॉमस एडिसन जेमतेम काही महिने शाळेत गेला. पुढे त्याच्या आईनेच त्याला शिकवले. रवींद्रनाथ टागोरांचे शाळेत कधी मन रमले नाही. त्यांचे बहुतेक शिक्षण घरीच झाले. २०१६ साली मुंबईच्या एका घरी शिकलेल्या मुलीला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसतानाही, अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधील पदके तिच्या कामी आली. पण प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्या आयआयटीचे दार तिला बंद होते, हेही तितकेच खरे आहे.

ही उदाहरणे स्फूर्ती देतात, पण त्यांवरून निष्कर्ष काढताना सावध राहावे. जे यशस्वी झाले त्यांचीच यादी होते. जे मागे राहिले त्यांची यादी कोण करतो? यशापेक्षा वेगळा प्रश्न आपण विचारायला हवा: शिकवणाऱ्याने त्या मुलाकडे कोणत्या नजरेने पाहिले? यासाठी दोन पित्यांची गोष्ट पाहू.

फ्रान्समधील ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) तीन वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी त्याला शाळेत न घालता स्वतः शिकवले. आधी भाषा पक्क्या व्हाव्यात, गणित पंधराव्या वर्षानंतर, असा त्यांचा बेत होता. पण बारा वर्षांचा ब्लेझ फरशीवर कोळशाने आकृत्या काढून भूमितीचा सिद्धान्त स्वतःच शोधू पाहत होता. हे वडिलांनी पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आपला बेत मोडला आणि मुलाच्या हाती युक्लिडचा ग्रंथ दिला.

इंग्लंडमधील जॉन स्टुअर्ट मिल (१८०६–१८७३) यालाही वडिलांनीच शिकवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन! इतर मुलांशी फारसे मिसळू दिले नाही. मिल थोर विचारवंत झाला आणि या शिक्षणाचा आपल्याला फायदा झाला, हे त्याने मान्यही केले. पण विसाव्या वर्षी तो खोल निराशेत बुडाला. ज्या ध्येयासाठी आपल्याला घडवले, ते सारे साध्य झाले तरी आपण सुखी होणार नाही, असे त्याला कळून चुकले. पुढे त्याला सावरले ते बऱ्याच अंशी कवितेने, म्हणजे वडिलांच्या अभ्यासक्रमात ज्या भावनांना जागा नव्हती त्यांनी.

दोघेही बुद्धिमान, दोघेही घरीच शिकलेले. एका पित्याने मुलाला पाहून आपला आराखडा बदलला. दुसऱ्याने आराखड्याप्रमाणे मुलगा घडवला. आम्हाला वाटते, सारा फरक इथे आहे. माणूस हा कुणाच्याही स्वप्नाचे साधन नाही, मग ते स्वप्न आईबापांचे का असेना.

घरी शिकवण्याचा आनंद मोठा आहे. अपूर्णांक समजायला तीन आठवडे लागले तरी चालतात. बाजारात हिशेब शिकता येतो, आजोबांबरोबर झाडांची नावे. मुलाचा पहिला 'हां, समजलं!' आईवडिलांच्या कानांवर पडतो. पण अडचणीही खऱ्या आहेत. शाळेत रागावलेले सर शाळेतच राहतात; घरात रागावणारी शिक्षिका आणि जवळ घेणारी आई एकच असते. दोघे पहाटेची लोकल पकडतात त्या घरात नोकरी कोण सोडणार? बहुधा आईच. तिच्या त्यागाचा विचार तिच्यासह व्हावा, तो गृहीत धरू नये. सवंगडी हवेत, आणि आपल्यापेक्षा वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या परिस्थितीच्या मुलांशी ओळखही हवी. परीक्षेसाठी 'एनआयओएस' हे केंद्र सरकारचे मुक्त शिक्षण मंडळ आहे, पण शेजारच्या बाकावरच्या मित्रासाठी मंडळ नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नये. 'घरी शिकवणे' आणि 'घरी ठेवणे' यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपल्याकडे किती मुलींना भावंडे सांभाळण्यासाठी घरी ठेवले गेले! १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली, तेव्हा शाळेचे दार हेच त्या मुलींसाठी मुक्तीचे दार होते. आजही काही लेकरांना घरापेक्षा शाळाच अधिक मायेची वाटते.

मग उत्तर काय? ज्यांना वेळ, तयारी आणि धीर आहे, त्यांनी मुलाला विचारून, दरवर्षी पुन्हा तपासून हा मार्ग घ्यावा. जमले नाही तर शाळेत परतण्यात कमीपणा मानू नये. पण आपल्यापैकी बहुतेकांची मुले शाळेतच जाणार आहेत. फी भरली, क्लास लावला, म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे त्यांनी समजू नये. पहिल्या शिक्षकाला राजीनामा देता येत नाही.

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. मरिया आणि योसेफ त्याला कासावीस होऊन शोधत होते. त्याचे उत्तर त्यांना तेव्हा उमगले नाही, तरीही त्यांनी त्याला प्रेमाने घरी नेले आणि मरियेने ते सारे अंतःकरणात जतन केले. आपली मुले आपल्याला पूर्ण उमगत नाहीत तेव्हा तेवढे तरी आपण करू या. आज रात्री मुलाला 'किती गुण मिळाले?' असे विचारण्याआधी 'आज तुला कशाचं नवल वाटलं?' एवढे विचारून पाहू या.