हिरा वर कोण आणतो?

दत्तभक्तहो, अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत पहिली पृथ्वी. या जयंतीला तिच्याच पोटातल्या हिऱ्याचं चिंतन करू.

कोळसा दाबला की हिरा होतो, असं प्रवचनात पुष्कळदा ऐकतो. दृष्टान्त गोड आहे, पण निसर्गाची रीत वेगळी. कोळसा झाडपाल्याचा, आणि पुष्कळ हिरे तर जमिनीवर झाडं उगवण्याच्याही आधीचे, 100 कोटी वर्षांहून जुने. सुमारे 150 ते 200 किलोमीटर खोल, हवेच्या जवळजवळ 50 हजार पट दाबाखाली, हजार अंशांच्या आसपासच्या उष्णतेत कार्बन घट्ट बांधला जातो. तोच हिरा.

पण घडला म्हणून तो वर येतो का? स्वतःच्या बळावर तसूभरही नाही! किंबर्लाइट नावाचा शिलारस त्याच्याही खालून उसळतो, खडक फोडतो आणि हिऱ्याला पोटाशी धरून वर धावतो. वाटेत रेंगाळला तर हिऱ्याचं ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं व्हायचं. म्हणून ही सारी वाट तो काही तासांत, फार तर काही दिवसांत कापतो, असं अभ्यासक सांगतात.

आणि आणणाऱ्याचं पुढं काय? ऊनपावसानं झिजून त्याची माती होते. पाणी ती वाहून नेतं, हिरा रेतीत उरतो. नरसोबाच्या वाडीची आपली कृष्णामाई पुढे आंध्रात कोल्लूरला जाते. तिथं तिच्या काठच्या रेतीत गोवळकोंड्याचे नामांकित हिरे सापडले. हिऱ्यांना नावं मिळाली, ते मुकुटांत बसले. मातीला कोण विचारतो?

मंडळी, आता आपल्या घरात पाहा. गुरुचरित्राची माझी पारायणं पार पडली, ती त्या सात दिवसांत घरच्यांनी माझी कामं अंगावर घेतली म्हणून. तुमचंही असंच असेल. कुणी पहाटे उठून नैवेद्य रांधला, कुणी आजाऱ्याचं अंथरूण सांभाळलं, म्हणून आपण पोथीपुढे बसलो. पुण्य मात्र आपल्या नावावर! सद्गुरूही असेच, शिष्याला वर काढतात आणि आपण बाजूला राहतात. मग घरातल्या त्या माणसांत गुरुतत्त्व नाही, असं कसं म्हणावं?

काही माणसं आता नाहीत, त्यांना मनात नमस्कार करू. जी आहेत, त्यांना जयंतीचा प्रसाद आधी देऊ. “तुझ्यामुळं माझी सेवा घडली,” एवढं तोंडानं बोलू. उशीर नको, आपलंही वय झालं.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!