चरा राहू द्या

शांत बसा. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा आणि मनात दुसरं एक धरा: पाटेक फिलिपचं १५१८ क्रमांकाचं. जिनिव्हातल्या या कंपनीने ते १९४१ साली आणलं, १९५४ पर्यंत बनवलं. सारे मिळून २८१ नग, बहुतेक पिवळ्या सोन्यात, थोडे गुलाबी सोन्यात. व्यास जेमतेम ३५ मिलिमीटर. सहाच्या जागी चंद्रकला, बाराच्या खाली वार आणि महिना.

सावकाश चावी द्या. वेळ पाहू नका.

उजवीकडचा वरचा खटका दाबा. लांब सेकंदकाटा निघाला. त्याची चाल बघा: एका सेकंदात पाच बारीक पावलं, तासाला १८,०००. एक श्वास घ्या, सोडा. पुन्हा दाबा. काटा थांबला. तो श्वास आता तबकडीवर मोजून ठेवलेला आहे. हवा तेवढा वेळ त्याच्याकडे बघा.

आता खालचा खटका. काटा झटकन बाराला परतला.

इथे रेंगाळा. मला या यंत्रातलं सर्वांत सुंदर काही वाटत असेल तर हे परतणं. काट्याच्या आसावर बदामाच्या आकाराची एक इवली चकती असते. तिच्या कडेवर छोटी हातोडी पडते आणि काटा कुठेही असो, बदाम फिरून त्याच एका जागी येतो. ही युक्ती अडॉल्फ निकोलने १८४४ साली पेटंटात नोंदवली. मोजलेलं सगळं पुसून कोरं व्हायचं, तेही दर वेळी तितक्याच नेमकेपणाने.

मग बोट कडेच्या सोन्यावर ठेवा. हे १८ कॅरेटचं, शंभरात ७५ भाग सोनं. बाकीच्यात तांबं वाढलं की गुलाबी छटा येते. पोलादापेक्षा हे मऊ. बाहीची घासण, टेबलाची कड, सगळं त्यावर उमटतं. कुठेतरी एक चराही दिसेल. पट्टा अडकतो त्या टोकांच्या धारा पाहा, बाजूचा हॉलमार्क पाहा. धार बोटाला लागते का? ठसा स्पष्ट आहे का?

लग्नसराईच्या आधी आपण पाटल्या सोनाराकडे उजाळ्याला देतो, तसं हेही चकचकीत करावं असं मनात येईल. येऊ द्या, पण हात आवरा. प्रत्येक उजाळ्यात थोडं सोनं झिजून जातं. धारा गोल होतात, ठसा विरतो. ते परत आणणारा खटका या घड्याळात नाही. एखादं जुनं घड्याळ नव्यासारखं लखलखताना दिसलं, की मला हळहळ वाटते.

किमतीचा विचारही येईल. पोलादातली १५१८ चारच ठाऊक आहेत. त्यांतलं एक २०१६ साली जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांवर गेलं, सोन्याच्या जोडीदारांपेक्षा कितीतरी वर. हा आकडा आला तसा जाऊ द्या.

पुन्हा त्या चऱ्याकडे या. कुणाच्या हातून, कुठे पडला, कळणार नाही. त्या माणसाचा हात तिथे होता एवढं नक्की. बोट त्यावरून एकदा फिरवा, दाबू नका. आणि घड्याळजीकडे द्यायची वेळ आली तर आधीच बजावा: यंत्र उघडा, धुवा, तेल बदला, बाहेरच्या सोन्याला हात लावू नका.