स्मारकाची हद्द आणि खारीचा बांध

सार्वजनिक मालकीचा एखादा वन्य प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर करावा ही कल्पना भारतीय कायद्यात सहज बसत नाही, कारण या कायद्याने स्मारकाला माणसाचा हात लागलेला असावा आणि रानाला तो लागलेला नसावा असे जवळजवळ गृहीतच धरलेले आहे. 1958 च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या अधिनियमाला वास्तू, लेणे, शिल्प, शिलालेख असे काही तरी लागते आणि त्याचे वय किमान शंभर वर्षे असावे लागते. उलट 1927 चा वन अधिनियम आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम यांचा भर माणसाने तिथे काय करू नये यावर अधिक आहे. लोणारचे सरोवर या दोहोंच्या मधले. उल्कापाताने घडलेल्या त्या विवराला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हटले खरे, पण त्या बिरुदामागे कायद्याचे बळ नाही, आणि परिसराला कायद्याचे प्रत्यक्ष संरक्षण मिळाले ते 2000 मध्ये अभयारण्य झाल्यावर.

अमेरिकेत ही फारकत 1906 च्या पुरावस्तू कायद्यानेच बरीचशी पुसली. संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवरील ऐतिहासिक किंवा वैज्ञानिक महत्त्वाची स्थळे राष्ट्राध्यक्षाने केवळ घोषणेने स्मारक करावीत, मात्र संरक्षणाला पुरेसे असे लहानात लहान क्षेत्रच राखावे, अशी ती तरतूद होती. पण पहिले स्मारक ठरला तो डेव्हिल्स टॉवर हा नैसर्गिक सुळका, आणि 1908 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रँड कॅन्यनची अवाढव्य दरी त्याच कलमात बसवली. एका सहीने मिळालेले दुसऱ्या सहीने जाऊ शकते, ही या पद्धतीची दुखरी बाजू होय. आदिवासी जमातींच्या मागणीवरून 2016 मध्ये घोषित झालेले यूटा राज्यातील बेअर्स इअर्स हे स्मारक पुढच्याच वर्षी सुमारे 85 टक्के कापले गेले आणि 2021 मध्ये पूर्ववत झाले.

रायगड किनाऱ्यावर, मांडवा ते थळ आणि मागे रेवस ते धरमतरची खाडी या पट्ट्यात, वास्तू आणि रान यांची अशी वाटणी करताच येत नाही. थळसमोरच्या बेटावर शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांचा विरोध मोडून उभारलेला खांदेरी किल्ला राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणात असून, जुलै 2025 मध्ये तो मराठा लष्करी भूप्रदेशांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. तटबंदी म्हणजे वारसा हे सर्वांना पटते. पण किनाऱ्याच्या पाठीमागे, खाडीच्या बाजूला, त्याहून कितीतरी मोठे आणि मातीचे असे एक बांधकाम पसरले आहे, त्याला कोणी वारसा म्हणत नाही. ते म्हणजे खारबंदिस्ती.

भरतीचे पाणी ज्या सखल जमिनीवर चढते तिला बांध घालून, पावसाच्या पाण्याने तिच्यातील मीठ धुऊन काढून तिथे भात पिकवणे म्हणजे खारबंदिस्ती. खाडीच्या अंगाला मोठा बांध असतो, तो बाहेरकाठा. त्यात जागोजाग उघाड्या असतात, म्हणजे अशी लाकडी दारे, की जी ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या दाबाने उघडून ते खाडीत सोडतात आणि भरती चढू लागली की खाडीच्याच दाबाने मिटतात. उधाणात बांध फुटून भगदाड पडले की त्याला खांड म्हणतात, आणि खांड पुढच्या उधाणाआधी बुजली नाही तर ती रुंदावत जाते. म्हणून बांधाची डागडुजी गावाने मिळून करायची जोळ नावाची रीत होती. या रीतीवर फार भाबडेपणाने हळहळण्याचे कारण नाही, कारण ती जमीनदारीच्या खोती व्यवस्थेतच नांदत होती, आणि बांधाशी राबणाऱ्या कुळाच्या हाती पिकाचा किती वाटा उरे हे अलिबाग तालुक्यातील चरी येथे 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू होऊन वर्षानुवर्षे चाललेल्या शेतकरी संपाने दाखवून दिले. पुढे 1948 च्या खारजमीन कायद्याने आणि नंतर 1979 च्या कायद्याने बांधांची जबाबदारी मुख्यतः सरकारकडे आली, जोळ विरली, आणि खांड बुजवायला निविदेची वाट पाहणे आले. उधाण काही निविदेसाठी थांबत नाही.

जिथे खांड तशीच राहिली तिथे शेतात खारे पाणी शिरले, आणि पाण्यामागून तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, आली. कांदळवनाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे: चिखल धरून ठेवणारी, मासळीच्या पिलांना आसरा देणारी, लाटांचा जोर मोडणारी झाडे आपण होऊन उगवली. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवन तोडण्यास मनाई केली, आणि 2018 च्या निकालाने जमिनीची मालकी कोणाचीही असो, हे संरक्षण कायम केले. निकाल योग्यच होता, कारण त्यावाचून भरावाखाली किती खाड्या गेल्या असत्या याची कल्पना करणे अवघड नाही. तथापि ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे आणि शेतात पुरुषभर तिवर आहे, त्याला ते तोडून पुन्हा बांध घालता येत नाही, भातही पिकवता येत नाही, आणि रान राखल्याचा मोबदलाही मिळत नाही. अशा जमिनीवर शेवटी दलालाची नजर पडते. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबई मोटारीसकट तासाभरावर आली आहे, आणि पडीक शेताची किंमत ते पिकवणाऱ्यापेक्षा विकत घेणाऱ्याला अधिक नेमकी ठाऊक असते.

या किनाऱ्याला नुसते अभयारण्य पुरे पडणार नाही ते यामुळेच. मुरूड-रोह्याकडचे फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते, आणि 1986 मध्ये ते अभयारण्य झाले तेव्हा एका मालकाची राखण दुसऱ्याकडे गेली, इतकेच. खाडीकाठच्या या पट्ट्यात मात्र एक मालक कधीच नव्हता. भरतीच्या रेषेखालची जमीन महसूल संहितेप्रमाणे राज्याची, बांधाच्या आतली शेतकऱ्याची, बांध खारभूमी खात्याच्या देखरेखीखाली, आणि झाडावर वनखात्याचा अधिकार.

अधिक जवळचा नमुना आंबोलीत सापडतो. तेथील हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी देवळाच्या कुंडात एक नवीन जातीचा मासा आढळल्यावर राज्य सरकारने 2021 मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बांधलेले कुंड आणि त्यातला वन्य जीव एकाच अधिसूचनेत आले. ज्या 2002 च्या जैविक विविधता अधिनियमाखाली हे झाले, त्याचे 37 वे कलम दोन गोष्टी मागते: स्थळ ठरवताना स्थानिक संस्थांशी विचारविनिमय, आणि ज्यांचे आर्थिक नुकसान होईल त्यांच्या भरपाईची योजना. यांतली दुसरी अट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मांडवा-रेवसच्या पाठीमागचा पट्टा या कलमाखाली घ्यायचा झाला, तर कोणती खांड बुजवायची आणि कोणती तिवरांना सोडून द्यायची हे आधी गावागावांशी बसून ठरवावे लागेल, सोडलेल्या शेताला दरवर्षी मोबदला द्यावा लागेल, आणि राखलेल्या बाहेरकाठ्याच्या डागडुजीचा पैसा पावसाळी उधाणांच्या आत, म्हणजे मे अखेरपर्यंत, ग्रामपंचायतीच्या हाती पडावा लागेल.