सौंसरच्या काळ्या दगडापासून

जहाजबांधणीचा विचार करायला मध्य प्रदेशातली, समुद्रापासून दूरची पांढुर्णा-सौंसर ही जागा मी मुद्दाम निवडली आहे. बंदरावर उभं राहिलं की गोदी दिसते, क्रेन दिसते आणि जहाज तिथेच जन्माला येतं असं वाटतं. आज दुसऱ्या टोकाकडून निघू. घाई करायची नाही. एकेक गोष्ट मनाशी धरायची, तिच्यापाशी थोडं थांबायचं, मग पुढे.

सौंसर तालुक्यात गोवारी वाढोण्याकडे मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत. तिथला एक काळा दगड तळहातावर घेतलाय असं समजा. मूठभरच आहे, पण मनगटाला चांगला जड लागतो. मऊ जातीचा असेल तर बोटांना काजळी लागते. कठीण असेल तर ताज्या फुटीवर पोलादी झाक दिसते. बोटं एकमेकांवर चोळून बघा. दगड लगेच खाली ठेवू नका.

हा समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ आहे. 90 कोटी वर्षांहून जुन्या काळात तो साचला, दाबला गेला, तापला आणि त्याचा खडक झाला. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत कमानीसारख्या पसरलेल्या या खडकांना भूशास्त्रज्ञ 'सौंसर समूह' म्हणतात. लुईस फर्मर यांनी भारताच्या मँगनीजवरचा मोठा ग्रंथ 1909 साली छापला. इथल्या एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं. जगभरच्या पुस्तकांत ते आजही तसंच आहे.

आता दगडावरून पाण्याकडे येऊ. गोटमारीच्या जत्रेमुळे सगळ्यांना ठाऊक झालेली पांढुर्ण्याची जाम नदी कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा-वर्धेची मिळून प्राणहिता, ती गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. मनातल्या मनात या पाण्याबरोबर सावकाश चालत जा. गोदावरीच्या मुखाशी नरसापूर लागेल. सतराव्या शतकात तिथे मोठी जहाजं बांधली जात. वरच्या जंगलांतलं सागवान नदीतून तरंगत खाली यायचं, लोखंडही मागच्या मुलखातून यायचं आणि कुशल सुतार तिथे वस्तीला होते. म्हणून गोवळकोंड्याचे व्यापारी आणि इंग्रज कंपनी दोघंही जहाजं तिथे बांधून घेत. किनाऱ्याची ताकद नदीच्या वरच्या अंगाला होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे थोडा वेळ थांबा.

दगड अजून हातात आहे ना? आता त्याला भट्टीत जाऊ द्या. लोखंडात गंधकाचा अंश राहिला तर त्याची लोखंडाशी मिळून एक अशुद्धी तयार होते. ती कणांच्या सीमांवर पातळ थरासारखी बसते आणि लवकर वितळते. असं पोलाद लाल तापवून लाटायला घेतलं की चिरतं. मँगनीज गंधकाला स्वतःकडे ओढून घेतं आणि त्याचे सुटे, फारसे न बाधणारे कण करतं. शिवाय ते पोलाद चिवट करतं. जहाजाच्या मजबूत पत्र्यात टनामागे साधारण 10 ते 15 किलो मँगनीज असतं.

चिवटपणा का लागतो, ते 16 जानेवारी 1943 च्या रात्री दिसलं. अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेलं 'स्केनेक्टडी' हे नवं तेलवाहू जहाज थंडीत, संथ पाण्यात मधोमध तडकलं. वादळ नव्हतं, टक्कर नव्हती. त्या काळचं पोलाद थंडीत ठिसूळ व्हायचं. सांगाडा पूर्ण वेल्डिंगचा असल्यामुळे एका जागी सुरू झालेली चीर अडायला कुठे रिव्हेटचा जोडच नव्हता. पुढे जहाजाच्या पोलादाचे नियम बदलले. कार्बनच्या मानाने मँगनीजचं प्रमाण वाढवलं गेलं. त्या पत्र्यावर उभा असलेला खलाशी मनात आणा, आणि मग तळहातावरचा दगड पुन्हा बघा.

हे खनिज आपण खूप काळ जसंच्या तसं बाहेर पाठवलं. मध्य प्रांताचं मँगनीज समुद्राला लवकर पोचावं म्हणून रायपूर-विजयनगरम रेल्वेमार्ग 1931 मध्ये पूर्ण झाला आणि 1933 मध्ये विशाखापट्टणमचं बंदर उघडलं. पहिलं जहाज लागलं ते सिंधिया कंपनीचं 'जलदुर्गा'. याच कंपनीच्या उभारणीत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. त्याच विशाखापट्टणमला त्यांनी पुढे गोदी काढायचं ठरवलं. 21 जून 1941 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच एप्रिलात जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले आणि काम विस्कटलं. तरी 14 मार्च 1948 रोजी 'जलउषा' पाण्यात उतरली, 8,000 टनी.

ज्या बंदरातून आपला दगड परदेशी जात होता, त्याच बंदरात स्वतःचं जहाज बांधायचं असं ठरवणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण गोदी उभी राहिली तरी तिच्यामागची साखळी तितक्या वेगाने उभी राहिली नाही. पत्रा, इंजिन, झडपा, केबल, रंग यांतलं बरंच बाहेरून आणावं लागलं.

दक्षिण कोरियाने ही साखळी कशी उभी केली? उल्सानच्या गोदीचं काम 1972 मध्ये सुरू झालं, तेव्हा गोदी आणि तिच्यातली पहिली जहाजं सोबतच आकार घेत होती. पहिलं अवाढव्य तेलवाहू जहाज 1974 मध्ये ग्राहकाच्या ताब्यात गेलं. पोहांगचा पोलाद कारखाना 1973 मध्ये चालू झाला, उल्सानपासून जवळच. पत्रा आणि जहाज एकमेकांच्या भरवशावर वाढले. आज टनांच्या हिशेबाने जगातली नव्वद टक्क्यांहून जास्त जहाजं चीन, कोरिया आणि जपान बांधतात. आपला वाटा एक टक्काही नाही. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने या धंद्यासाठी 69,725 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती हवीच होती.

पण पैशाबरोबर सातत्य लागतं. एक जहाज बांधून गोदी रिकामी बसली तर नागपूरचा झडपा बनवणारा नवं यंत्र कशाच्या जोरावर घेईल? एकाच नमुन्याची सहा जहाजं ओळीने आली तर तो घेईल, आणि तिसऱ्या जहाजापासून सगळ्यांचे हात बसतील. म्हणून कर्नाटकातल्या मालपेची बातमी मला मोठी वाटते. तिथल्या उडुपी कोचीन शिपयार्डला नॉर्वेच्या विल्सन कंपनीने 2023 मध्ये 3,800 टनी सहा मालवाहू जहाजांचं काम दिलं, आणि पुढे त्यात भर टाकली. बांगलादेशाच्या आनंदा शिपयार्डने 2008 मध्येच डेन्मार्कला जहाज दिलं होतं. शेजाऱ्यांशी आपली खरी चढाओढ अशा मध्यम आकाराच्या जहाजांत आहे, आणि ती जिंकता येण्यासारखी आहे.

समुद्रापासून दूर असणं आड येत नाही, याचे दाखले घरातच आहेत. 'विक्रांत' या विमानवाहू जहाजासाठी 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीने सुमारे 30,000 टन पोलाद दिलं, ते भिलाई, बोकारो, राउरकेल्यातून. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीचा जहाज-इंजिनांचा कारखाना रांचीला आहे. या चारही गावांना समुद्राचा वाराही लागत नाही.

आता शेवटचं ठिकाण मनाशी धरा: पांढुर्ण्याच्या एखाद्या आयटीआयतली वेल्डिंगची शेड. मुलगा उताणा होऊन डोक्यावरच्या सांध्यावर वेल्डिंग शिकतोय. वितळलेला धातू खाली ओघळू पाहतो. आर्क आखूड ठेवायचा, हात एकाच लयीत न्यायचा, मनगट ढळू द्यायचं नाही. नंतर तो तुकडा कापून वाकवतात. बाहेरच्या वाकावर मोठी चीर उघडली तर काम नापास, न उघडली तर पास. जहाजाच्या वेल्डरची परीक्षा अशीच असते, आणि तिला लागतो तो चांगला पत्रा, चांगलं यंत्र आणि शिकवणारा माणूस. हे तिन्ही सौंसरला, बोरगावच्या औद्योगिक वसाहतीशेजारी आणता येतात. पुढच्या वर्षभरात तुमच्या ओळखीच्या आमदाराला, कारखानदाराला किंवा प्राचार्याला मागायचं झालं तर या तिन्हींतलं आधी काय मागाल, ते ठरवून ठेवा.