डायरेक्ट करून द्या

कृष्णाबाईच्या उत्सवाला वाईतल्या मधल्या आळीतलं तात्यांचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. सकाळपासून आंघोळी चालू होत्या आणि गॅसचा गीझर मध्येच बंद पडत होता. अंगाला साबण लावून थांबलेले पाहुणे आतून हाका मारत. घरधनी म्हणून तात्यांना ते फार लागलं. त्यांनी बावधनच्या मिस्त्रीला बोलावून घेतलं.

मिस्त्रीनं आधी सेल पाहिले. ठिणगी पाडायला आणि गॅसची झडप उघडी धरायला या गीझरला दोन मोठे सेल लागतात. ते उतरले की नुसती टकटक होते, पेट घेत नाही. सेल चांगले होते. मग पाणी आत शिरतं तिथली जाळी उघडली. ती वाळूनं तुंबली होती. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा सरकतो, खटका दाबला जातो आणि तेव्हाच गॅस सुटतो. जाळी तुंबली किंवा टाकी फार खाली असली की दाब पुरत नाही. मिस्त्रीनं जाळी धुतली, पडदा चाचपला; तो कुठं फाटला नव्हता. नळ सोडला. भक्क करून निळी ज्योत लागली, पाणी कढत आलं.

"झालं की!" तात्या म्हणाले.

मिस्त्री मात्र न्हाणीघराचं दार ओढून बाहेर थांबला. नदीकडचा गार वारा नको म्हणून आतल्या खिडकीला गोणपाट ठोकलेलं त्यानं पाहिलं होतं. काही वेळानं दार उघडलं तर ज्योत पिवळी पडून डळमळत होती. बघता बघता ती विझली.

"तात्या, ह्याला काय बी झालेलं नाय. ज्योतीपाशी एक सळई असती. ज्योत बिघडली की ती गॅस तोडती. तीच तोडतीया."

"मग ती काढा ना! डायरेक्ट करून द्या. एवढा उत्सव पार पडू द्या, पुढचं पुढं बघू."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. "पाव्हण्यांत कुणाचं डोकं दुखतंय का?"

तात्यांची भाची ओसरीवर पडून होती. आदल्या दिवशी पसरणीचा घाट उतरून आली, तेव्हा तिला बरं होतं. संध्याकाळी आंघोळ करून बाहेर पडली ती डोकं धरूनच. मळमळायला लागल्यावर सगळ्यांनी ठरवलं, घाट लागला. आजीनं आल्याचा तुकडा चघळायला दिला. आज पुन्हा आंघोळ झाली आणि दुखणं वाढलं.

"घाट न्हवं ह्यो," मिस्त्री म्हणाला. "आधी तिला दवाखान्यात न्या. आंघोळ कुठं केली तेबी डॉक्टरांना सांगा."

एक भाग गॅस पुरता जळायला पंचवीस-तीस भाग हवा लागते. कोंडलेल्या खोलीत ती मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो, म्हणून गळती कळते. याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून घट्ट धरतो. गुदमरल्याचंसुद्धा कळत नाही. पाय लटपटतात, शुद्ध हरपते, आणि न्हाणीघराची कडी तर आतून लावलेली असते.

आजी म्हणाली, "आमचा बंब परसात असायचा. धूर डोळ्यांत गेला की आम्ही आपसूक लांब पळायचो."

"ह्याचा धूर दिसत नाय, आजी. म्हणून तर ती सळई."

तात्यांनी रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी सगळं ऐकून भाचीला प्राणवायू लावला. ती सावरली तशी बहिणीला तिच्यापाशी बसवून तात्या घरी परतले. तोवर मिस्त्रीनं गीझर उतरवून परसातल्या भिंतीवर, पागोळीखाली, चहूबाजूंनी वारा लागेल असा बसवला होता. गरम पाण्याची नळी तेवढी भिंतीतून आत नेली होती. गॅसच्या जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का, ते तो बघत होता.

तात्यांनी खिडकीचं गोणपाट उचकटून टाकलं आणि मजुरी मिस्त्रीच्या हातावर ठेवली. पण त्याला जाऊ दिलं नाही.

"शेजारी असाच गीझर आहे, मिस्त्री. न्हाणीघरातच. मीच त्यांना सुचवला होता."

"आत्ता चालू असंल?"

"सकाळची वेळ आहे, असणारच. चला."

तात्या पायात चपला न घालताच पुढं झाले आणि शेजारच्या दाराची कडी जोरजोरात वाजवू लागले.