पिल्लाची ऊब आणि प्रमादाचा प्रश्न

उबवणी केंद्रातून आणलेले एक दिवसाचे कोंबडीचे पिल्लू घरात वाढवायचे ठरते, तेव्हा त्या निर्णयामागे बहुधा मुलांचा हट्ट असतो, माया असते, क्वचित परसात कोंबड्या फिरत असलेल्या जुन्या घराची ओढ असते; धर्मविचाराला मात्र याच्या पुढचा प्रश्न विचारावा लागतो. खाण्यासाठी नाही, विकण्यासाठी नाही, केवळ लळ्यापोटी एखादा जीव त्याच्या आईवाचून वाढवणे अहिंसेच्या मर्यादेत बसते का, आणि बसत असेल तर कोणत्या अटींवर? भारतीय परंपरांमध्ये पाळीव प्राण्यांविषयीच्या गृहस्थाच्या कर्तव्याचा फार बारकाईने विचार जैन आचारशास्त्राने केला आहे, आणि त्या विचारात कोंबडा दुरून डोकावत नाही, नावानिशी येतो.

यशोधर राजाची कथा त्याचे ठळक उदाहरण आहे. सोमदेवसूरीने इ. स. 959 मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या चंपूत, म्हणजे गद्य आणि पद्य यांची गुंफण असलेल्या संस्कृत काव्यात, ही कथा विस्ताराने येते. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहिलेल्या पुष्पदंताने तीच अपभ्रंश भाषेत ‘जसहरचरिउ’ या नावाने रचली. अशुभ टळावे म्हणून राजमाता जिवंत पशूंच्या बळीचा आग्रह धरते, राजा तो मानत नाही, आणि अखेर तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून देवीपुढे कापला जातो. रक्ताचा थेंबही न सांडलेल्या या कृत्याचे फळ म्हणून मायलेकांना मोर, कुत्रा अशा अनेक पशुयोनींतून फिरावे लागते, आणि शेवटी दोघेही कोंबड्यांच्या जन्माला येऊन बाणाने मरतात. कोणाचाही प्राण गेला नसताना एवढी कठोर शिक्षा का, याचे परंपरेचे उत्तर असे की पिठावर सुरी चालवताना मारण्याचा संकल्प खरा होता, आणि अंतःकरणातील या हिंसेला, जिला भावहिंसा म्हणतात, बाहेरच्या वधाची गरज नसते.

एवढेच पाहिले तर पिल्लू पाळणारे कुटुंब सहज निर्दोष ठरेल, कारण तेथे संकल्प मायेचा असतो. परंतु याच परंपरेने हा सोपा मार्ग बंद केला आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाला प्रमादाची जोड दिलेली आहे, प्रमाद म्हणजे बेसावधपणा, रागद्वेषामुळे किंवा आळसामुळे सुटलेले अवधान. कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’त हा विचार टोकाला नेलेला दिसतो: जो सावधपणे वागतो त्याच्या हातून एखादा जीव दगावला तरी त्याला हिंसेचा बंध लागत नाही, आणि जो बेसावधपणे वागतो त्याच्या हातून जीव वाचला तरी तो हिंसकच. पिल्ले पाळण्याच्या बाबतीत ही व्याख्या विलक्षण अचूक लागू पडते, कारण घरोघरी मरणारी पिल्ले क्वचितच कोणाच्या द्वेषाने मरतात. ती मरतात गारठ्याने, तहानेने, बुडून किंवा पायाखाली येऊन, आणि मरेपर्यंत त्यांच्यावर सगळ्यांचे प्रेम असते.

सावधपणा म्हणजे नेमके काय, हे पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात स्पष्ट दिसते. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस तग धरू शकते. लांबच्या प्रवासातही ते जिवंत राहते ते याच शिदोरीवर, परंतु घरी पोचल्यावर त्याला आधी पाणी लागते, आणि चोच एकदा पाण्यात हलकेच बुडवून दिल्याखेरीज काही पिल्लांना पाणी सापडतही नाही. भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत, अन्यथा एवढ्याशा पाण्यातही पिल्लू बुडते. त्याच्या अंगावर लव असते, पिसे नसतात, त्यामुळे शरीराची ऊब त्याला स्वतः टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात पाठीच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान ठेवून ते दर आठवड्याला सुमारे 3 अंशांनी उतरवत न्यावे लागते, आणि पिसे फुटेपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवडे, हा क्रम चालतो. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून कर्कश ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, चोच उघडी टाकून आणि पंख सैल सोडून कडेला सरकली असतील तर उकडते आहे, आणि सगळीकडे पसरून बारीक आवाजात किलबिलत टिपत असतील तर सर्व ठीक आहे, एवढे ज्याला ओळखता येते त्याला तापमापीची गरज कमी पडते. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात, म्हणून खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा हवा; शेपटीखाली विष्ठा सुकून वाट बुजली तर ती कोमट पाण्याने भिजवून हळूच सोडवावी लागते, नाहीतर पिल्लू दोन दिवसांत जाते. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पहिल्याच आठवड्यात द्यायची असते. रात्री वीज गेल्यावर उठून पिल्लांच्या उबेची सोय करणारा माणूस, वरील व्याख्येनुसार, त्या क्षणी व्रताचरण करीत असतो. ही अतिशयोक्ती नाही, प्रमादाला हिंसेच्या व्याख्येत घातल्याचा तो सरळ निष्कर्ष आहे.

गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे, म्हणजे संसारी माणसाला झेपेल अशा मर्यादित व्रताचे, पाच अतिचार ‘तत्त्वार्थसूत्रा’ने सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पूर्ण मोडत नाही पण डागाळते असे उल्लंघन: बांधून कोंडणे, मारणे, अवयव छाटणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. हे सर्व आश्रित प्राण्यांशी असलेल्या रोजच्या व्यवहारातले दोष आहेत, आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 शी त्यांचे साम्य लक्षणीय आहे, कारण हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे आणि मालकाने पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे ही तेथेही गुन्ह्याची उदाहरणे आहेत. बंधनाचा दोष कोंबडीच्या बाबतीत आणखी एका रूपात येतो. ती कळपात राहणारी आहे. एकटे ठेवलेले पिल्लू तासन्‌तास आर्त हाका मारते, आणि खोके मोठे असले तरी त्या एकटेपणाची भरपाई होत नाही. म्हणून निदान दोन-तीन पिल्ले एकत्र असावीत.

यापेक्षा खोल प्रश्न आईच्या जागेचा आहे. डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने 1873 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अंड्यातून निघताच पिल्लांच्या डोळ्यांवर टोपडी घातली होती. दोन-तीन दिवसांनी टोपडे काढलेली पिल्ले समोर हलणाऱ्या कशाच्याही मागे धावू लागली, तर जवळजवळ चार दिवस झाकून ठेवलेली स्पॉल्डिंगला पाहताच घाबरून पळाली. आईची छबी मनावर उमटण्याचा काळ असा थोडक्यात येतो आणि निघून जातो. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असताना ती जागा तिची असते. यंत्रातून निघालेल्या पिल्लाच्या बाबतीत ती रिकामी असते, आणि आठ वर्षांचे मूल नकळत तिच्यात जाऊन उभे राहते. पिल्लाने ही निवड केलेली नसते, मुलाने केली असली तरी तिचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. ज्या ठिकाणी एका बाजूला संपूर्ण अवलंबन आहे आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण समज नाही, तेथील उत्तरदायित्व घरातील मोठ्यांकडे जाते, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

मुलांना भूतदया शिकवण्यासाठी पिल्लू आणावे, असे अनेकदा म्हटले जाते. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याच्या नीतिविचाराशी हे म्हणणे जुळते. प्राण्यांविषयीची कर्तव्ये मुळात माणसांविषयीचीच आहेत, प्राण्यांशी निर्दयपणे वागणारा माणसांशीही तसाच वागू लागतो, असा त्याचा विचार होता. या विचाराचा उपयोग आहे, पण त्यात पिल्लू शिक्षणाचे साधन बनते, आणि धडा शिकून झाला किंवा मूल कंटाळले की साधनाचे काय करायचे, याला तेथे उत्तर नाही. जैन दृष्टीने पिल्लू पंचेंद्रिय आहे, पाचही इंद्रियांनी सुखदुःख जाणणारा जीव आहे, आणि त्याच्यावरची दया त्याच्यासाठीच आहे. मुलाचे हित येथे वेगळ्या कारणाने पाहावे लागते: निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात, त्यामुळे पिल्लाचा मुका घेऊ न देणे आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावणे, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांना, हेही त्याच सावधपणाचे अंग आहे.

बाराव्या शतकात गुजरातचा राजा कुमारपाल याच्यासाठी हेमचंद्राचार्यांनी रचलेल्या ‘योगशास्त्रा’त श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, वर्ज्य असलेल्या व्यवसायांची यादी आहे, आणि पैशासाठी पोसू नयेत अशा प्राण्यांत पोपट, मैना, मांजर, कुत्रा, मोर यांच्यासोबत कोंबडाही आहे. निषेध अर्थलाभासाठीच्या पोषणाचा आहे, त्यामुळे लळ्यासाठी पाळणाऱ्याला सूट मिळते असे वाटते. पण ते पिल्लू येते कोठून, हे पाहिल्यावर ती सूट टिकत नाही. अंड्यांसाठी पैदास केलेल्या जातींत निम्मी पिल्ले नर असतात, ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठी पुरेशी लवकर वाढत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी मारली जातात; जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून या प्रथेवर बंदी आणली. बाजारात गुलाबी-हिरवी रंगवून विकली जाणारी पिल्ले बहुधा याच नकोशा नरांतली असतात. खरेदीदाराच्या मनात माया असली तरी त्याचा पैसा त्याच व्यवहाराला जाऊन मिळतो, आणि जैन विचारात कृत म्हणजे स्वतः केलेले, कारित म्हणजे दुसऱ्याकरवी करवलेले आणि अनुमोदित म्हणजे संमती दिलेले कर्म, अशा तिन्ही प्रकारांचा हिशेब होतो. गावात कोणाकडे खुडूक कोंबडीखाली निघालेली गावरान पिल्ले मिळत असतील तर ती घेणे अधिक श्रेयस्कर, असे म्हणता येते ते याच कारणाने.

नर-मादी हा भेद घरातही पुन्हा उभा राहतो. तीन पिल्लांपैकी एखादा कोंबडा निघणे अगदी संभवनीय असते, चार-पाच महिन्यांत तो पहाटे आरवू लागतो, शेजारी तक्रार करतात, आणि मग नाव ठेवलेल्या त्या पक्ष्याला कोणाला तरी देऊन टाकणे, म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या रश्श्यात पाठवणे, किंवा डोंगरावर, देवळाच्या आवारात सोडून देणे हे दोनच पर्याय समोर दिसतात. पहिला पर्याय कारित हिंसेचा आहे. दुसरा दयेसारखा दिसतो, पण पाळीव कोंबडीला परत जाण्यासारखे रान उरलेले नाही. दिल्लीत चांदणी चौकातील जैन पक्षी रुग्णालयात बरा झालेला कबुतरासारखा पक्षी आकाशात सोडता येतो, कोंबडा मात्र घार, मुंगूस आणि भटकी कुत्री यांच्या पुढ्यातच सोडला जातो.

तलंगा, म्हणजे वयात येणारी तरुण कोंबडी, साधारण सहाव्या महिन्यापासून अंडी देऊ लागते, दोन-तीन वर्षांनी अंडी घटत जातात, आणि त्यानंतरही ती कित्येक वर्षे जगू शकते. अंडी न देणाऱ्या कोंबडीला दाणे, कणी आणि पाणी देणे हा अन्नपाणी न रोखण्याच्या नियमाचा सर्वांत कठीण भाग आहे, कारण येथे उपयोग संपलेला असतो आणि पिल्लाचे गोजिरेपणही. ज्या मुलाच्या हट्टासाठी पिल्लू आले ते तोवर बहुधा शिक्षणासाठी परगावी गेलेले असते, आणि रोज संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घेण्याचे, सकाळी ते झाडून काढण्याचे काम घरातल्या ज्या व्यक्तीकडे येते, बहुतेक वेळा आईकडे, तिला पिल्लू आणताना कोणी विचारलेले नसते. कृत, कारित आणि अनुमोदित या विभागणीत तिच्या या कष्टांचीही नोंद घ्यावी लागेल, कारण इतरांनी घेतलेले व्रत तेथे ती एकटी पाळत असते.