पाचवे शील आणि आपली मुले



श्रूजबरीतली आपली मुले शनिवारी रात्री मित्राकडे पार्टीला जातात आणि रविवारी वंदनेत पंचशील म्हणतात. पार्टीत कुणी ‘मॉली’ची गोळी पुढे केली, तर नुसते पाठांतर कितीसे कामी येईल?

शील ही वरून आलेली आज्ञा नव्हे. ते आपण होऊन घेतलेले शिक्षापद आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नियम आणि तत्त्व यांतला फरक दाखवला. नियम सवयीने पाळला जातो, तत्त्व विचार करून. म्हणून मुलांना दटावू नका, कारण सांगा. मॉली म्हणजे एमडीएमए. तिने शरीराचे तापमान जिवावर बेतेल इतके वाढू शकते. बनावट गोळ्यांत फेंटानिल सापडते आणि त्याचे दोन मिलिग्रॅमही प्राण घेऊ शकतात. पाचव्या शीलातला ‘पमाद’ म्हणजे हाच बेसावधपणा.

आणखी एक गोष्ट आजच सांगा. मित्र बेशुद्ध पडला, तर आधी ९११ ला फोन करायचा. मॅसॅच्युसेट्सच्या २०१२ च्या कायद्यानुसार ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर केवळ अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा खटला भरला जात नाही. फेंटानिलवर उतारा असलेला नार्कनचा फवारा औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. तो घरात ठेवा.

आईबाबा रागावतील या भीतीने मुलाने फोन केला नाही, तर एक जीव जाईल. पाचवे शील मोडले, तरी पहिले शील राखता येते. जीव वाचवणे हेच ते पहिले शील. हा भरवसा मुलांना द्या.

सर्वांचे मंगल होवो.